पोळ्याचं वावर

मनकर्णानं तरोट्याचं झुडूप दोन्ही हातांनी धरलं, टाच रोवली आणि मुळासकट उपटून धुऱ्यापलीकडे फेकलं. मान वर केली तेव्हा वावराच्या मधोमध दोन माणसं उभी होती आणि त्यांच्यामध्ये एक लांबलचक साखळी चिखलात लोळत होती.

"काय मोजून राहिले बाप्पा?" तिनं तिथूनच हाक दिली. "पीक तर नाई त्यात काई."

खरबीचे सरपंच किसनराव छत्री मिटत जवळ आले. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता. पण छत्री नवी होती.

"पीक नाई म्हणूनच मोजून राहिलो, मनकर्णाबाई. हे इंगळे साहेब. रसुलापूरच्या नगरपालिकेचे ओव्हरसियर. मूळचे अकोल्याचे."

श्रावण इंगळे बारीक चणीचा, तरणा माणूस होता. पॅन्ट पोटरीपर्यंत दुमडलेली, बूट हातात. बूट कुठे ठेवावे ते न सुचून त्यानं बुटांसकटच नमस्कार केला.

"रसुलापूरची नगरपालिका खरबीच्या वावरात काहून आली?"

"आली नाई, आणली," किसनराव म्हणाले. "पंचायत अन् नगरपालिका, दोघं मिळून घेऊन राहिलो हे वावर. कायद्यानं. मोकळंच ठेवाले."

"मोकळं तर आताबी आहे."

"आता तुमच्या मर्जीनं आहे. मंग कायद्यानं राहीन. उद्या तुमचा देर प्लॉट पाडतो म्हणाला, तर आमी पोळा कोठी भरवावा? नाल्यात?"

मनकर्णानं हाताची माती लुगड्याला पुसली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला किसनराव आनंद समजले, आणि ते फारसे चुकले नव्हते.

"मोकळं म्हणजे किती मोकळं?" तिनं विचारलं.

"एक वीटबी नाई. जवारीचं एक ताटबी नाई. अमरावतीहून साहेबाची सही झाली का तुमच्या नातवंडायलेबी यात काही पेरता नाई येणार."

मनकर्णाला नातवंडं नव्हती. मूलच नव्हतं. किसनरावांना ते आठवलं आणि त्यांनी छत्री पुन्हा उघडली.

वावर परतवाड्याच्या रस्त्याला लागून होतं. रस्त्यापलीकडे रसुलापूरचा जकात नाका. नाक्याशी मोटार थांबायची. अलीकडे खरबीची हद्द, आणि हद्दीतलं पहिलं घर मनकर्णाचं. घराच्या मागे विहीर, वांगी, मेथी, झेंडू. ती माळ्याची लेक आणि माळ्याचीच सून. घराच्या पुढे हे वावर. दारात बसलं की नजर वावरावरून सरळ नाक्यापर्यंत जायची, मधे काही नाही.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी इथं जवारी असायची. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि मनकर्णाचा नवरा देवराव परासियाकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेला. "पोळ्याले येतो," म्हणाला. तो गेला आणि पाऊस असा लागला की विहीर काठोकाठ भरली आणि जवारी बैलाच्या शिंगांवरून गेली. पोळ्याच्या दिवशी मनकर्णा पुरण घालून दारात बसली. दिवस कलता परतवाड्याकडून शेवटची मोटार आली. जवारीमागे ती थांबल्याचं तिला ऐकू आलं, निघाल्याचंही ऐकू आलं. जवारीतून कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या कारकुनानं सांगितलं की काल एक माणूस उतरला होता. डोक्याला फडकं बांधलेला. जवारीच्या कडेला बराच वेळ उभा राहिला, मग दर्यापूरकडच्या मोटारीत बसून निघून गेला. कारकून नवीन होता, तो कोणालाच ओळखत नव्हता.

"उंच होता का?" मनकर्णानं विचारलं.

"उभा होता बाई. मोजला नाई मी."

पुढच्या मृगात तिनं ते वावर पेरलं नाही. ते वावर देवराव आणि वामनराव अशा दोघा भावांच्या नावावर होतं. वामनरावांनी अकोल्याहून येऊन विचारलं, वैनी, हे काय? तिच्या तोंडाला जे पहिलं आलं ते ती बोलून गेली. "पोळ्यासाठी सोडलं."

खरबीचा पोळा तोवर मारुतीजवळच्या बोळात भरायचा. बोळ एवढा अरुंद की एका जोडीनं शेपटी हलवली तर दुसरीच्या डोळ्यात जायची. त्या साली लोक तोरण घेऊन मनकर्णाच्या वावरात आले आणि कोणी काही विचारलंही नाही. दोन-चार वर्षांनी रसुलापूरच्या पोळ्याच्या जागेवर कापसाची वखार उभी राहिली, तेव्हा तेही बैल घेऊन इथंच आले. आता दोन पोळे समोरासमोर भरायचे आणि तोरण तुटण्याआधी दोन्हीकडचे लोक एकमेकांवर झडत्या म्हणायचे. 'नगरपालिकेच्या दिव्याले तेल नाई, खरबीच्या सरपंचाले झोपेतून वेळ नाई,' असं कोणीतरी ओरडायचं, आणि 'हर हर महादेव' म्हणून सगळे हसायचे. पोळा फुटला की पहिली जोडी मनकर्णाच्या दारी यायची. बाया तिच्या पाया पडायच्या. मोठ्या मनाची बाई म्हणायच्या.

एकदा बोललेलं खोटं माणसाला कुठं ना कुठं फेडावं लागतंच. मनकर्णाचं खोटं दर वर्षी झूल पांघरून, शिंगं रंगवून, गावभरचे बैल घेऊन दारात यायचं, आणि ती त्याला ओवाळायची.

एरवी गावाला तिचं काय करावं हे ठरत नसे. कपाळाला कुंकू होतं म्हणून हळदीकुंकवाला बोलावत, आणि खात्री नव्हती म्हणून शेवटी बसवत. तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. शेवटी बसलं की दार जवळ असतं.

वामनराव आले ते आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. मनकर्णा दारात झेंडू गुंफत होती. मोटार थांबली, एक माणूस उतरला आणि तिची सुई हवेतच राहिली. मग माणूस थोडा जवळ आला. दोघा भावांची चाल एकच होती, डावा खांदा पुढे टाकत चालायची. दर खेपेला वामनराव अर्धं वावर ओलांडेपर्यंत तिला काही ना काही भोगावं लागे. त्यात वामनरावांचा दोष नव्हता, म्हणून ती नंतर त्यांना चहात साखर जास्त घाली.

"वैनी, सरकार वावर घेऊन राहिलं म्हणते," त्यांनी बसता बसता विषय काढला. अकोल्याला ते एका अडत्याकडे मुनीम होते आणि कुठलाही विषय ते पोत्यासारखा समोर टाकत. "मी हरकत घेतो. प्लॉट पाडले तर गंज भाव येते आता. बडनेऱ्याच्या एका रेल्वेवाल्यानं तर मले आगाऊ विचारलं."

"हरकत नका घेऊ, भाऊजी."

"काहून?"

"पोळा कोठी भरन?"

"पोळ्याचं पोळा पाहीन वो! तुले काय भेटते त्यातून, ते सांग."

मनकर्णानं फूल उचललं, देठ खुडला. वामनराव तिच्याकडे पाहत राहिले, मग तिची नजर जिकडे होती तिकडे पाहिलं. नाक्यावर दोन बकऱ्या उभ्या होत्या.

"दादा आता नाई येत, वैनी," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"बैल येतात न."

"बैलाचं नाई बोलून राहिलो मी."

"मी बैलाचंच बोलून राहिली." तिनं हार त्यांच्यापुढे धरला. "हा घेऊन जा घरी. सूनबाईले म्हणा, लक्ष्मीच्या फोटोले घाल. तुमाले आजपर्यंत काही मांगतलं नाई म्या. येवढी हरकत नका घेऊ."

वामनरावांनी हार घेतला, मांडीवर ठेवला, उचलून पुन्हा बाजूला ठेवला. प्लॉटांमुळे त्यांच्या पोरीचं लग्न धडाक्यात झालं असतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"सरपंच म्हणे, तोरणाखाली पहिली जोडी आमची ठेवू," शेवटी ते म्हणाले. "घरच्या नावाची."

"बैल कोठी आहेत आपल्याजोळ?"

"भाड्यानं आणीन," वामनराव चिडून म्हणाले, आणि मग दोघंही हसली. त्यांनी हरकत घेतली नाही.

दिवाळी झाल्यावर कोतवाल पळीभर खळ घेऊन आला आणि त्यानं दाराच्या फळीवर नोटीस चिकटवली. मनकर्णाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं वाचून दाखवलं. 'देवराव आडकूजी खासबागे, राहणार खरबी, यांस कळविण्यात येते की...' पुढचं मनकर्णाच्या कानात शिरलं नाही. देवरावचं नाव कोणी इतक्या मोठ्यानं, इतक्या आदरानं घेतल्याला किती काळ लोटला होता!

"अजून एकदा वाचा," ती म्हणाली.

कोतवालानं वाचलं. मग त्यानं समजावून सांगितलं. जमिनीचा मोबदला ठरेल. वामनरावांचा हिस्सा वामनरावांना मिळेल. देवराव हजर नाही, म्हणून त्याचा हिस्सा सरकारात जमा राहील. तो आला, अंगठा केला, की मिळेल.

"अन् नाई आला तर?"

"तर जमा."

"किती दिस?"

"सरकारले काय घाई आहे बाई? राहीन पडून."

मनकर्णा खळीचा ओला कागद पाहत राहिली. "चाला," ती म्हणाली, "आता सरकारबी वाट पाहून राहिलं त्याची."

कोतवाल हसला. हसावं की नाही असा त्याला मागाहून प्रश्न पडला असावा, कारण जाताना त्यानं न मागता विहिरीवरून एक घागर भरून आणून ठेवली.

पंचायत आणि नगरपालिकेच्या जोड-समितीची बैठक दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी वावरातच भरली. नगरपालिकेनं खुर्च्या आणल्या, पंचायतीनं सतरंजी. नगरपालिकेचे अध्यक्ष भगवंतराव खुर्चीवर बसले आणि किसनराव, खुर्ची असून, सतरंजीवर. कोण कमीपणा घेतं आणि कोण मोठेपणा, याचा निकाल लागेपर्यंत अर्धी बैठक गेली. मग तोरण कोणी बांधायचं यावर वाद झाला. एक वर्ष खरबीनं, एक वर्ष रसुलापूरनं, असं ठरलं. तोरणाच्या दोराचं काय, असं कोणीतरी विचारलं. दोराचे दोन तुकडे करून मध्ये गाठ मारावी, असं ठरलं.

मनकर्णा बायांसोबत आपल्या ओट्यावरून ऐकत होती.

"भाऊ हो," भगवंतराव उभे राहिले, "चहूकडं पाहा. वखारी झाल्या, चाळी झाल्या. आपण पोट्टे होतो तेव्हा इथून पार पूर्णेच्या काठापर्यंत धावत जायचो. आता धावतो म्हटलं तर दर दहा पावलांवर कोणाची तरी भिंत. ही एक जागा राहिली. दोन संस्थांनी मिळून जागा घ्यायची आणि तिथं काहीच करायचं नाही, असं या तालुक्यात कधी झालं नाही. तेच आपण केलं. इथं कोणी वीट ठेवणार नाही."

टाळ्या पडल्या. मनकर्णानंही पदराआडून टाळी वाजवली.

"आणि रस्त्याच्या बाजूनं," भगवंतराव पुढे म्हणाले, "या टोकापासून त्या टोकापर्यंत कडुलिंब. दाट. झाडांच्या मधे मेंदीचं कुंपण, माणसाच्या खांद्याइतकं. म्हणजे धूळ नाही, आणि रस्त्याकडून उद्या कोणी टपरी सरकवत आत येणार नाही. बैल गावाच्या बाजूनं आत येतील."

पुन्हा टाळ्या पडल्या. त्यांत मनकर्णाचा आवाज आला.

"झाडं कशाले?"

सगळ्या माना ओट्याकडे वळल्या. ती कधी बोलत नसे. बोलली तर भाव सांगायला.

"म्हणजे," ती म्हणाली, "बैल बुजतात. झाडाले."

सतरंजीवरून हसण्याची लाट उठली. "मनकर्णाबाई, बैल झाडाखालीच तर बसते वो!" कोणीतरी म्हणालं. किसनरावांनी हात वर करून हसणं थांबवलं आणि प्रेमानं सांगितलं की बाईंच्या घराला सावली होईल, बाईंनी काळजी करू नये. मनकर्णा खाली बसली. तिच्याजवळ दुसरं कारण नव्हतं. म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं.

श्रावण इंगळे खड्ड्यांच्या खुणा करायला आला तेव्हा आषाढ लागला होता. दिवसभर त्यानं दोरी ताणून रस्त्याकडेला खुंट्या ठोकल्या. दुपारी तो पाणी मागायला ओट्याखाली येऊन उभा राहिला. ओंजळ करावी की नाही हे न ठरलेले हात त्यानं पोटाशी धरले होते. मनकर्णानं पितळेचा गडवा त्याच्या हातात दिला आणि ती आत वळली.

"वर बसून प्या. उभ्यानं पाणी अंगी लागत नाई."

त्यानं गडव्याकडे पाहिलं. मग तो ओट्यावर चढला आणि उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसला. सारवलेल्या भिंतीला तिथं पाठीएवढी गुळगुळीत खोलगट जागा झाली होती. त्याची पाठ आपसूक तीत बसली. पाणी पिता पिता त्यानं समोर पाहिलं. वावर. आपण ठोकलेल्या खुंट्या. आणि बरोबर नाकासमोर, दोन खुंट्यांच्या मधे, मोटार थांबायची जागा.

आत मनकर्णा सुपात तांदूळ पाखडत होती. मोटारीचा आवाज आला, आणि सुपाचा आवाज थांबला. मोटार नाक्याशी उभी राहिली. एक बाई उतरली, तिच्यामागून कडेवर पोर घेतलेला एक माणूस. मोटार निघून गेली. सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

श्रावणनं गडवा खाली ठेवला.

"कोणी येणार होतं का, बाई?"

"नाई. मोटारीवर टाइम पाहत असते मी. दूध तापवाचं असते."

"भर दुपारी?"

"दुपारीबी तापवा लागते. नासते नाई तर."

"हो," श्रावण म्हणाला. "नासते."

तो बराच वेळ तिथंच बसून राहिला. मग उठून उन्हात गेला आणि त्यानं मधल्या काही खुंट्या उपटल्या.

मजुरांनी खड्डे पाडले त्या दिवशी किसनराव पाहणीला आले. एका टोकापासून चालत चालत ते मधे थबकले.

"इंगळे साहेब, अथी खड्डे राहिले न. येवढी मोठी फट?"

"खाली दगड आहे."

"दगड? या मातीत? माझ्या बापानं या धुऱ्यावर वखर हाकला, कधी खडा नाई लागला त्याले!"

"लागला," श्रावण म्हणाला आणि साखळी गुंडाळू लागला. "मेंदीबी नाही जगणार तिथं."

मनकर्णा धुऱ्यावर गवत कापत होती. विळा तिच्या हातात तसाच राहिला. मुळीच न अडखळता बोललेलं खोटं कसं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. याच वावरात उभं राहून ती एकदा तसं बोलली होती. पण आपल्यासाठी दुसरं कोणी तसं बोलतंय, हे नवीन होतं. तिला त्याच्याकडे पाहवेना. तिनं पुष्कळ गवत कापलं, लागत होतं त्याहून जास्त.

दोन दिवस ती त्या फटीकडे पाहत बसली. दोन्ही बाजूंना उकरलेल्या काळ्या मातीचे ढीग आणि मधून भांगासारखी सरळ वाट, नाक्यापासून थेट तिच्या उंबऱ्यापर्यंत. आता कोणीही काहीही पेरो, उगवो, बांधो. ती वाट बुजणार नव्हती. देवानं ऐकलं म्हणायला हवं होतं. ते काम एका ओव्हरसियरनं केलं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी परतवाड्याला भाजी विकून पार्बताबाई मोटारीतून उतरली आणि नाक्यावरूनच तिनं हेल काढला.

"मनकर्णेऽऽ! फोटोतल्यावानी दिसून राहिली वो तू! चौकटीत बसवल्यावानी!"

मनकर्णा झटकन उठून आत गेली. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन पार्बताबाई वावरातून आली, हसली, झेंडूच्या भावाचं बोलली आणि गेली. मनकर्णानं तोंडावर पाणी मारलं. मग चपला घालून ती वावर ओलांडून फटीतून रस्त्यावर गेली आणि मोटार थांबते तिथं, नाक्याकडे पाठ करून उभी राहिली.

आजवर ती या जागेवर कितीदा उतरली होती, चढली होती. उभी कधी राहिली नव्हती.

समोर तिचं घर होतं. ओटा, दार, दारावर नोटिशीचा फिका चौकोन. ओट्यावर कोणी नव्हतं. सगळं स्वच्छ दिसत होतं. तिनं मनातल्या मनात जवारी उभी केली, शिंगांच्या वरपर्यंत. घर दिसेनासं झालं. मग तिची नजर बाजूला गेली. धुऱ्याच्या कडेनं पांदण होती. बैलगाडी जाईल एवढी, दोन्हीकडून बोरींनी वेढलेली, रस्त्यापासून निघून तिच्या विहिरीशी संपणारी. ती आज होती. जवारी होती त्या सालीही होती. आडकूजी, तिचे सासरे, याच पांदणीनं तिचं वऱ्हाड घेऊन आले होते, आणि तेव्हाही ती जुनी होती.

देवराव या घरात जन्मला होता.

मनकर्णा पांदणीच्या तोंडाशी गेली आणि तिनं डोळे मिटले. चालू लागली. बोरीचा काटा एकदा पदराला लागला, तो तिनं डोळे न उघडता सोडवला. चाकोरी डावीकडे वळली तेव्हा पाय डावीकडे वळले. ओल लागली तेव्हा पायांनी ती ओलांडली. शेवटी हाताला विहिरीचा थंड दगड लागला. ती दगड धरून उभी राहिली. बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत.

रोपं आली ती बैलगाडीतून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. मजूर एका टोकानं लावत निघाले. श्रावण त्यांच्या मागून रोपं सरळ करत चालला होता. फटीशी येऊन ते पुढे सरकले, तेव्हा मनकर्णा कुदळ घेऊन तिथं आली आणि तिनं पहिला घाव घातला.

श्रावण माघारी आला.

"बाई, इथं दगड आहे."

"आहे न. काढून राहिली."

तिनं दोन-तीन घाव घातले. काळी माती लोण्यासारखी सुटत होती. श्रावण थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला, मग रस्त्याकडे, मग तिच्या दाराकडे. त्याचा आवाज खाली आला.

"झाड वाढलं की मोटार दिसणार नाही, बाई. कोण उतरलं ते कळणार नाही."

हे असं तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. वामनरावांनीही नाही. मनकर्णानं कुदळीवर हात टेकले आणि श्वास जागेवर येऊ दिला.

"त्याले येचं असन," ती म्हणाली, "तर झाडाले वळसा घालून येईन."

 श्रावणनं बूट काढून बाजूला ठेवले, कुदळ तिच्या हातातून घेतली आणि खड्डा गुडघाभर खोल केला. मनकर्णानं गोणपाट सोडून त्यातलं एक रोप निवडलं. सगळ्यांत मोठं नाही, सगळ्यांत बारीकही नाही. ते तिनं खड्ड्यात धरलं. तो माती लोटू लागला, ती हातानं दाबू लागली.

परतवाड्याकडून मोटारीचा आवाज आला. जवळ आला. नाक्याशी येऊन मोटार थांबली; ती थांबताना करते तो कण्हल्यासारखा आवाज झाला, दार आपटलं. मनकर्णाची पाठ रस्त्याकडे होती. श्रावणचं तोंड रस्त्याकडे होतं. त्याचे माती लोटणारे हात थांबले आणि तो मान उंचावून पाहू लागला. कोणीतरी उतरलं असावं. मोटार निघून गेली, धूर रेंगाळला, आणि पांदणीच्या बाजूनं चपलांचा आवाज येऊ लागला. तो नेमका कुठं चालला आहे, हे अजून सांगता येत नव्हतं.

"इकडे पाहा," मनकर्णा म्हणाली. दोन्ही हातांच्या ओंजळीत तिनं रोप सावरून धरलं होतं. "सरळ आहे का हे? का कलून राहिलं?"